पार्किंगच्या खांबातला गंज: भेग बुजवण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

मुंबई, ठाणे, वसई-विरारपासून रत्नागिरी, पणजीपर्यंत खाऱ्या हवेच्या पट्ट्यात हजारो इमारती स्टिल्टवर उभ्या आहेत. म्हणजे खाली मोकळं पार्किंग, वर घरं, आणि सगळा भार उघड्या आरसीसी खांबांवर. वीस-पंचवीस वर्षं झालेल्या अशा इमारतीत खांबांचे कोपरे नीट पाहिले, तर जमिनीपासून कमरेपर्यंतच्या भागात बहुधा काहीतरी सापडतंच. कुठे उभी बारीक भेग असते, कुठे तपकिरी ओघळ, कुठे फुगलेला गिलावा. "रंगकामाच्या वेळी बघू" म्हणून सोसायटीत हा विषय पुढे ढकलला जातो. रंगकाम निघालं की भेगेत लापी भरून वरून रंग मारला जातो. दोन-तीन पावसाळ्यांत भेग परत येते, आणि आता ती जास्त रुंद असते.

ती परत येणारच असते. आतली सळई गंजून फुगल्यामुळे भेग पडली, आणि सळईला कुणी हातच लावलेला नाही. खांबाची दुरुस्ती टिकायची तर दोन गोष्टी कराव्याच लागतात. सळईच्या पाठीमागेपर्यंत काँक्रीट फोडून ती चारही बाजूंनी साफ करायची, आणि जे पाणी तिथे पोचतं त्याची वाट बंद करायची. यातली एक जरी राहिली तरी खर्च वाया जातो.

काँक्रीटमध्ये असूनही सळई गंजते कशी?

चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सहसा गंजत नाही. सिमेंटमुळे आतलं वातावरण तीव्र अल्कधर्मी असतं. पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि त्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अतिपातळ, घट्ट थर तयार होतो. तो शाबूत आहे तोवर सळई सुरक्षित असते. हा थर दोन कारणांनी मोडतो.

पहिलं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटच्या छिद्रांतून आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो. हा बदल पृष्ठभागापासून आत सरकत जातो आणि त्याची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या १० वर्षांत तो १० मिमी आत गेला. २० मिमीवर पोचायला त्याला ४० वर्षं लागतील आणि ४० मिमीवर पोचायला १६० वर्षं. म्हणून सळईवरचं काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळईपासून पृष्ठभागापर्यंतची जाडी, इतकं महत्त्वाचं आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खांबाला किमान ४० मिमी कव्हर लागतं, आणि किनारी हवेत उघड्या काँक्रीटला ४५ मिमी. ओतकामात सळयांचा पिंजरा एका बाजूला कलला आणि कव्हर १५ मिमीच राहिलं, तर याच हिशेबाने साडेबावीस वर्षांत संरक्षण संपतं. कव्हर निम्मं झालं की वेळ पाव होतो.

दुसरं कारण मीठ, म्हणजे क्लोराइड. ते समुद्राच्या वाऱ्यातून येतं, बोअरच्या खाऱ्या पाण्यातून येतं, भरावाच्या मातीतून येतं, आणि काही इमारतींत तर न धुतलेल्या खाडीच्या रेतीबरोबर पहिल्या दिवसापासून आतच असतं. आयएस ४५६ ने नव्या आरसीसी काँक्रीटसाठी घनमीटरला ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा घातली आहे ती यासाठीच. पीएच चांगला असला तरी क्लोराइड त्या संरक्षक थराला जागोजागी भोकं पाडतं. ते या क्रियेत खर्चही होत नाही, तिथेच राहून पुढचं लोखंड खात राहतं. मिठाने झालेला गंज खड्ड्याखड्ड्यांचा असतो. ओल्या, हवा कमी असलेल्या जागी तो काळपट-हिरवा दिसतो आणि फारसा फुगत नाही. म्हणजे वर भेग नाही, पण आत सळई निम्मी झालेली, असंही होऊ शकतं.

थर मोडल्यावर गंज चढायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. कायम पाण्यात बुडालेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायू पोचत नसल्याने गंज हळू चालतो. सगळ्यात वाईट अवस्था ओलं-सुकं-ओलं अशी. पार्किंगमधल्या खांबाच्या पायथ्याची रोज नेमकी हीच अवस्था असते.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून सळईचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थर गंजला तरी वरचं कव्हर फाटायला पुरतं.

पायथ्यालाच का?

खांब ओतताना आधी खाली ७५ ते १५० मिमी उंचीचा 'स्टार्टर' करतात, म्हणजे खांबाची जागा पक्की करणारा छोटा ठोकळा. हे काम थोडक्या मालाचं असतं, म्हणून बऱ्याचदा हाताने कालवलेल्या, जास्त पाण्याच्या मालात उरकलं जातं. त्यावर शटरिंग बसतं, त्याच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळतं आणि सांध्यावर नुसती खडी उरते. संपूर्ण खांबातली सगळ्यात सच्छिद्र जागा ही. वर रोज गाड्या धुतल्या जातात, वरचं पाणी खाली आणणारा डाउनटेक पाइप खांबालाच टेकून उतरतो, खालून जमिनीतली ओल चढते. चढलेली ओल अर्धा-एक मीटर उंचीवर सुकते आणि तिच्यातलं मीठ तिथेच ठेवून जाते. लोणा लागलेला पांढरा पट्टा दिसतो तो याचाच. पायथ्याला सजावटीची फरशी बसवलेली असेल तर तिच्यामागे पाणी साठतं आणि भेग दिसतही नाही. आमचं स्पष्ट मत आहे की स्टिल्टच्या खांबाला फरशी लावूच नये. असेल तर निदान एका खांबाची काढून आत काय चाललंय ते बघावं.

भेगा वाचायच्या कशा

कोपऱ्याला समांतर उभी भेग म्हणजे मुख्य सळई गंजतेय. साधारण १५० ते २०० मिमी अंतराने आडव्या रेषा दिसल्या तर रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारे आडवे वेढे, गंजतायत. तिरकी भेग, किंवा वरच्या टोकाला बीमजवळ चिरडल्यासारखं दिसणारं काँक्रीट हे गंजाचं नेहमीचं चित्र नाही. तिथे भाराचा किंवा पाया खचण्याचा प्रश्न असू शकतो. त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्या खांबाजवळच्या गाड्या हलवा.

साधी हातोडी घेऊन खांब खालपासून वरपर्यंत, चारही बाजूंनी ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धरून आहे, बद्द आला तर आत पोकळी आहे. बद्द भाग खडूने आखून फोटो काढून ठेवा. फक्त गिलावा सुटला असेल तरी बद्द आवाज येतो, म्हणून अशा एक-दोन जागी गिलावा काढून खरं काँक्रीट ठोकून बघावं.

इंजिनिअर पुढच्या चाचण्या करतील. त्यांचा अर्थ माहीत असलेला बरा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं की अल्कधर्मी भाग गडद गुलाबी होतो आणि संरक्षण गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर गंज आज ना उद्या चढणारच. पण ही चाचणी मिठाबद्दल काही सांगत नाही, त्यासाठी काँक्रीटची भुकटी प्रयोगशाळेत पाठवावी लागते. सळईचं विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. पृष्ठभागावर आपटून किती उसळी येते त्यावरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नये. कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे जुन्या खांबावर हा हॅमर प्रत्यक्षापेक्षा चांगली ताकद दाखवतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. ते कागदापुरतं उरकू नका. ऑडिटरने पार्किंगमध्ये किती खांब प्रत्यक्ष ठोकून पाहिले आणि चाचण्या कुठल्या खांबांवर घेतल्या, हे अहवालात आहे का ते तपासा.

किती गंज म्हणजे जास्त?

इथे डोळा फसवतो. १६ मिमीची सळई गंज खरवडल्यावर १४ मिमी भरली, तर "दोनच मिलिमीटर गेले" असं वाटतं. पण ताकद व्यासावर नाही, छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ते २०१ चौरस मिमीवरून १५४ वर आलं, म्हणजे २३ टक्के गेलं. १२ ची १० झाली तर ३१ टक्के गेलं. ८ मिमीची रिंग ६ मिमी उरली तर ४४ टक्के गेलं.

रिंगांकडे म्हणूनच आधी बघायचं. त्या सगळ्यात बाहेर असतात, कव्हर त्यांनाच सगळ्यात कमी मिळतं आणि त्या बारीक असतात. मुख्य सळया शाबूत दिसल्या तरी रिंगा तुटल्या असतील तर उभ्या सळयांना धरून ठेवणारं काही उरत नाही. भाराखाली त्या बाहेर वाकतात आणि खांब अचानक बसू शकतो. फोडल्यावर रिंग हाताने हलतेय किंवा कोपऱ्यात तुटलीय असं दिसलं, तर पुढचं फोडकाम थांबवून आधी टेकू पक्के करायचे.

दुरुस्ती

पहिलं काम टेकूंचं. खांबाला मिळणाऱ्या प्रत्येक बीमखाली लोखंडी प्रॉप किंवा जॅक लावून भार उतरवतात. प्रॉप नुसत्या पेव्हर ब्लॉकवर उभे करू नयेत, खाली चॅनेल किंवा जाड फळी हवी. पार्किंगखाली पाण्याची टाकी असेल तर तिच्या स्लॅबवर भार टाकण्याआधी इंजिनिअरची परवानगी हवीच. एका वेळी एकच खांब घ्यायचा, शेजारचे दोन कधीही एकत्र नाहीत. त्या खांबाच्याही चारही बाजू एकदम सोलायच्या नाहीत.

फोडायच्या भागाची कड ग्राइंडरने साधारण १० मिमी खोल, काटकोनात कापून घ्यावी. कापताना रिंगेला पातं लागू द्यायचं नाही. कड निमुळती ठेवली तर नवा माल तिथे कागदासारखा पातळ होतो आणि पहिला तोच सुटतो. मग छिन्नी किंवा हलक्या चिपिंग हॅमरने काँक्रीट काढत सळईच्या मागे २० ते २५ मिमी जागा करायची, म्हणजे बोटं मागून फिरली पाहिजेत. सळईच्या लांबीने फोडत जायचं ते स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी ५० मिमी. बहुतेक कंत्राटदार इथेच हात आखडतात. सळईचा दर्शनी भाग घासून रंगवला जातो, पाठ तशीच राहते आणि गंज पाठीकडून चालू राहतो.

साफसफाई सँड ब्लास्टिंगने उत्तम होते. ते शक्य नसेल तर ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश आणि खाचांसाठी हाताचा ब्रश. रस्ट रिमूव्हर फॉस्फरिक आम्लाचं असावं आणि सांगितलेल्या वेळेनंतर ते स्वच्छ, गोड्या पाण्याने धुवून काढावं. फरशी धुवायचं ॲसिड चुकूनही वापरू नका. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे ज्या क्लोराइडशी लढायचं तेच आपण सळईवर ओततो. कोकणातल्या दमट हवेत घासलेली सळई काही तासांत पुन्हा तांबूस होते, म्हणून घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी उरकलं पाहिजे. सकाळी घासून प्रायमर "उद्या मारू" असं चालत नाही.

छेद वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त गेलेला असेल तर इंजिनिअर जोडीला नवी सळई सांगतात. तिचा लॅप, म्हणजे जुन्या सळईला लागून जाणारी लांबी, शाबूत भागावर पुरेसा हवा. ५० पट व्यासाचा हिशेब धरला तर १६ मिमीला ८०० मिमी. गंजलेल्या दोन फुटांत दोन फुटांचाच तुकडा तारेने बांधला तर तो भार घेतच नाही.

प्रायमरचा मुद्दा थोडा बारकाईचा आहे. इपॉक्सी झिंक प्रायमर फक्त स्वच्छ, चकचकीत लोखंडावर काम करतो. खड्ड्यांत गंज उरला असेल तर तो आत कोंडला जातो. तितकी सफाई होत नसेल तिथे गंजरोधक मिसळलेला सिमेंट-पॉलिमर लेप अधिक बरा, कारण तो सळईभोवती पुन्हा अल्कधर्मी वातावरण देतो.

आता भरण. थोडा भाग असेल तर पॉलिमर मॉर्टर पुरतं. चालू प्रमाण १:५:१५ असं आहे, म्हणजे १ भाग पॉलिमर, ५ भाग सिमेंट, १५ भाग क्वार्ट्झ रेती. ५० किलोच्या गोणीला १० किलो पॉलिमर आणि १५० किलो रेती बसते. पॉलिमर एसबीआर (एक कृत्रिम रबर) किंवा अक्रिलिक असावं. पीव्हीए जातीचं स्वस्त पॉलिमर ओलीत पुन्हा मऊ पडतं, खांबाच्या पायथ्याला ते निरुपयोगी आहे. जुनं काँक्रीट ओलवायचं, पण वर पाणी साचलेलं नको. बाँडिंगचा लेप हाताला चिकट असतानाच मॉर्टर दाबायचं. लेप सुकला तर तो जोडण्याऐवजी दोन थर वेगळे करतो. तसं झालं तर लेप खरवडून पुन्हा मारायचा. एका थरात १० ते १५ मिमीच भरावं. जाड थर स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि सळईमागे पोकळी राहते. मिस्त्रीला काम सोपं जावं म्हणून वरून पाणी मारू देऊ नका. पॉलिमर मॉर्टर पहिले एक-दोन दिवस ओलं ठेवून मग हवेवर सुकू द्यायचं, कारण पॉलिमरचा पापुद्रा सुकतानाच तयार होतो.

खांबाचा मोठा भाग गेला असेल तर मात्र मॉर्टरने भागत नाही. नव्या सळया, नव्या रिंगा आणि साधारण ७५ ते १०० मिमी जाडीचं मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटचं) जॅकेट लागतं. जुन्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून, ती हवेने फुंकून साफ करून, शिअर कनेक्टर, म्हणजे जुनं आणि नवं काँक्रीट बांधून ठेवणारे सळईचे तुकडे, रासायनिक ग्राउटने बसवतात. भोकात धूळ राहिली तर कनेक्टर हाताने ओढून निघतो. एक-दोन ओढून बघायला लाजू नका. शटरिंगमधून थेंबही गळता कामा नये. मायक्रोकाँक्रीटमध्ये पाणी गोणीवर लिहिलेल्या मापानेच आणि मापाच्या भांड्यानेच घालायचं, आणि त्याला किमान ७ दिवस ओलं ठेवायचं. जॅकेट पार्किंगच्या फरशीवर थांबवायचं की फुटिंगपर्यंत, म्हणजे खांबाच्या पायापर्यंत, न्यायचं, हा निर्णय ड्रॉइंगवर लिहून घ्यावा. नव्या सळया फरशीत अधांतरी संपत असतील तर त्या भार पायापर्यंत पोचवणार कशा?

मिठाने बाधलेल्या खांबात आणखी एक अडचण येते. दुरुस्त केलेला तुकडा सुरक्षित होतो, पण त्याला लागूनच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधली सळई आता जोराने गंजू लागते. आधी जिथे गंज चालू होता ती जागा विद्युत-रासायनिकदृष्ट्या शेजारच्या सळईला वाचवत होती, आणि ते संरक्षण आपण काढून घेतलेलं असतं. म्हणून क्लोराइड जास्त निघालं तर पॅचच्या कडेला सळईला जस्ताचे छोटे ॲनोड बांधतात. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचतं. भेगांत इपॉक्सी इंजेक्शन देणं हा मात्र गंजावरचा इलाज नाही. फुगवटा आतून चालूच असतो, त्यामुळे शेजारी नवी भेग पडते.

फरशीच्या खाली

पार्किंगची फरशी वर्षानुवर्षं चढत जाते. आधी कोबा, मग पेव्हर, मग पुन्हा भराव. खांबाचा एखादा फूट मातीत गाडला जातो. वरचं दिसतं तेवढंच दुरुस्त करून काम बंद करू नका. सगळ्यात वाईट दिसणाऱ्या खांबाशेजारी पावसाळा सोडून खड्डा घ्या आणि खांबांना जमिनीलगत जोडणाऱ्या प्लिंथ बीमपर्यंत बघा. एका वेळी एकच खड्डा, आणि फुटिंगच्या तळाखाली जायचं नाही. दुरुस्तीनंतर मातीत राहणाऱ्या भागाला कोल टार इपॉक्सी किंवा बिटुमेनचे दोन हात द्यावेत आणि खड्डा राडारोड्याऐवजी चांगल्या मुरुमाने, थराथराने ठोकून भरावा.

गावाकडच्या घराला किंवा शेतघराला लोखंडी खांब असतील तर हिशेब सोपा आहे. बेस प्लेट जमिनीपेक्षा निदान १५० मिमी उंच काँक्रीटच्या ठोकळ्यावर हवी आणि ठोकळ्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. पोकळ पाइपचं वरचं तोंड बंद आहे ना, हे पाहा. नाहीतर आत पाणी साठून खांब आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शाबूत दिसत राहतो.

पाण्याची वाट

दुरुस्तीबरोबरच खांबाला टेकलेले गळके पाइप बदलायचे. पायथ्याभोवती सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे खांब आणि फरशीच्या कोपऱ्यातला गोलसर भराव, काढायचा आणि फरशीला खांबापासून दूर, साधारण १०० ला १ असा उतार द्यायचा. गाडी धुण्याची जागा एकच, जाळीच्या नाल्याजवळ ठरवावी आणि पाइपने धुणं बंद करावं. भूमिगत टाकी पाझरत असेल तर ती आधी. गिलावा पूर्ण सुकल्यावर वर अँटी-कार्बोनेशन लेप मारावा. तो बाहेरचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अडवतो, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. नुसता ऑइल पेंट ओल आत कोंडतो.

कंत्राट करताना दर चौरस फुटाचा असला तरी काम तीन टप्प्यांवर थांबवून दाखवायची अट लिहून घ्या: फोडून झाल्यावर, सळई साफ झाल्यावर आणि प्रायमर लागल्यावर. प्रत्येक टप्प्यावर खांबाचा क्रमांक दिसेल असा फोटो काढायचा, व्हर्नियर कॅलिपरने सळईचा उरलेला व्यास मोजायचा, आणि इंजिनिअरची सही झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. मोजमापही सळई उघडी असतानाच घ्यावं, कारण गिलावा झाल्यावर आत २५ मिमी फोडलं होतं की ५ मिमी, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. काही रक्कम पुढचा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी. ती चुकती करण्याआधी, ऑक्टोबरात, दुरुस्त केलेले सगळे खांब त्याच हातोडीने पुन्हा ठोकून पाहावेत आणि बद्द वाजलेली प्रत्येक जागा कंत्राटदाराकडून त्याच्या खर्चाने उघडून घ्यावी.